सस्टेनेबल पूल म्हणजे काय?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तेव्हा मराठीच्या चुका पोटात घाला. व्हायवाला सरांनी विचारलं, "सस्टेनेबल पूल म्हणजे काय?" मी ठोकून दिलं, "सौर दिवे आणि बाजूला झाडं." सर म्हणाले, "महाडचा पूल आठवतो का?"

कसा विसरेन? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुरात ब्रिटिशकालीन दगडी पूल कोसळला, दोन एसटी वाहून गेल्या. सुट्टीत घरी जाताना माझीही एसटी सावित्रीवरूनच जाते.

पुराचं पाणी कुठल्याही पुलाच्या खांबांभोवती भोवरे करतं आणि पायाजवळची वाळू-माती खरवडून नेतं. वरचा रस्ता ठणठणीत दिसतो, खाली पाया उघडा पडत असतो. म्हणून नव्या पुलाचा पाया त्या खरवडीच्याही खाली, शक्यतो पक्क्या खडकात न्यावा लागतो.

दुसरी गोष्ट काँक्रीटची. सिमेंटसाठी चुनखडी भाजताना भरपूर कार्बन डायऑक्साइड निघतो. थोड्या सिमेंटऐवजी औष्णिक वीज केंद्रातली राख किंवा पोलाद कारखान्यातली स्लॅग वापरली तर तो कमी होतो. शिवाय क्युअरिंग नीट झालं तर असं काँक्रीट जास्त घट्ट होतं, पाणी कमी मुरतं, सळ्या उशिरा गंजतात.

महाडचा नवा पूल जून २०१७ मध्ये सुरू झाला. तिथून जाताना आई अजून हात जोडते. पण पुलाला नमस्कारापेक्षा पावसाळ्याआधी आणि नंतर पायाची तपासणी हवी. जो पूल शंभर वर्षं टिकतो, त्याच्यासाठी दुसऱ्यांदा सिमेंट लागत नाही आणि माणसंही घरी पोचतात. व्हायवाला हे आधी सांगा. झाडं नंतर लावू!