शिरेतली साखर आणि लेकरांची मूत्रपिंडे

इम्युनोग्लोब्युलिन हे लांबलचक नाव आपल्या घरात येते ते बहुधा एखाद्या लेकराच्या आजारपणातच. हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेले हे औषध सलाईनप्रमाणे शिरेतून देतात. जपानचे डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ साली वर्णन केलेल्या लहान मुलांच्या तापावर ते फार गुणकारी आहे. त्या तापावर औषध न मिळाल्यास चारांतल्या सुमारे एका मुलाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फुगवटे येतात. दहा दिवसांच्या आत मिळाल्यास शंभरांत चार-पाच मुलांनाच. म्हणून पुढचे वाचून कोणी औषध नाकारू नये.

नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने डॉक्टरांना पत्र पाठवून सावध केले. या औषधानंतर मूत्रपिंडे बिघडल्याच्या शंभराहून अधिक नोंदी झाल्या होत्या. बहुतेक रुग्ण प्रौढ होते आणि तिथल्या दहांपैकी जवळजवळ नऊ नोंदी साखर मिसळलेल्या औषधाच्या होत्या. औषध टिकावे म्हणून काही कंपन्या त्यात आपल्या उसाचीच साखर, म्हणजे सुक्रोज, घालीत.

साखर ती, तिचे काय एवढे? खाल्लेली साखर आतड्यात फुटते, पचते. शिरेतून गेलेली फुटत नाही. ती मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांच्या पेशींत शिरून पाणी ओढते आणि भिजत घातलेल्या मनुकांसारख्या त्या पेशी फुगतात. नळ्या चोंदतात, लघवी कमी होते. बहुतेकांची मूत्रपिंडे पुढे सुधारतात, पण काहींना तोवर डायलिसिस लागते.

आता साखरेऐवजी ग्लायसिन किंवा प्रोलीन घातलेली औषधे मिळतात. आपल्या मुलाचे कोणते, हे डॉक्टरांना बेलाशक विचारावे. मुलांना हा धोका कमी. पण जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या किंवा आधीच मूत्रपिंडाचे दुखणे असलेल्या मुलाचे तसे नाही. तापात पाणी तोडण्याची आपल्याकडची खोड इथे फार महागात पडेल. किती पाजायचे ते डॉक्टर सांगतील. आधी जेंटामायसिनची इंजेक्शने किंवा दुखण्याच्या गोळ्या दिल्या असतील तर लपवू नका. क्रिएटिनिनची रक्ततपासणी आधी व्हावी, नंतरही.

कावासाकीच्या तापात बाटली दहा-बारा तास चालते. शेवटची बस चुकेल म्हणून नर्सबाईंना घाई करणारे नातेवाईक असतात. तसे करू नये, वेग जितका कमी तितके मूत्रपिंडांना बरे. घरी आल्यावर आठवडाभर लघवीवर नजर ठेवा. ती कमी झाली, तोंडावर सूज आली किंवा वजन एकाएकी वाढले, तर कागदपत्रे घेऊन त्याच इस्पितळात त्याच दिवशी जावे.