ताप शंभर, ऊन चाळीस

पोराचं अंग तापलं की आपण म्हणतो, ‘शंभर ताप आहे.’ विदर्भात ऊन तापलं की पारा पंचेचाळिशी गाठतो. पहिला आकडा फॅरनहाइटचा, दुसरा सेल्सिअसचा. एकाच घरात दोन्ही मोजपट्ट्या सुखानं नांदतात. घोळ होतो तो एकीतला आकडा दुसरीत नेताना, कारण दोघींचं शून्य वेगवेगळ्या ठिकाणी आहे.

डान्झिगला, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कला जन्मलेल्या डॅनिएल फॅरनहाइट यांनी १७२४ मध्ये आपली मोजपट्टी मांडली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचं तापमान त्यांनी शून्य धरलं, बर्फ घातलेल्या पाण्याचं ३२ आणि निरोगी माणसाच्या अंगाचं ९६. हे आकडे चमत्कारिक वाटले तरी त्यांत मोठी सोय आहे. ३२ आणि ९६ यांच्यामधलं अंतर ६४ अंशांचं, आणि ते नुसतं निम्मं-निम्मं करत गेलं की एकेका अंशाची खूण मिळते. पुढे पाण्याचा उत्कलनबिंदू २१२ ठरला, तशी पट्टी किंचित सरकली.

मग निरोगी माणसाचं तापमान म्हणून सांगितलं जाणारं ९८.६ कुठून आलं? जर्मन डॉक्टर वुंडरलिख यांनी १८६८ मध्ये असंख्य रुग्णांच्या नोंदींवरून शरीराचं सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस सांगितलं. त्या ३७ चं रूपांतर म्हणजे ९८.६. त्यामुळे दशांश चिन्हापुढच्या ६ वर फार विसंबू नये. निरोगी माणसाचं तापमान दिवसभरातही थोडं वरखाली होतच असतं.

स्वीडनमधल्या उप्सालाच्या अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये मांडलेली पट्टी तर उलटी होती: पाणी उकळतं तिथे शून्य आणि गोठतं तिथे शंभर! १७४४ मध्ये ते वारले आणि त्यानंतर लवकरच ती सुलटी झाली. हवेचा दाब बदलला की उत्कलनबिंदू सरकतो, हेही त्यांनी नीट तपासलं होतं. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे, म्हणून तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं.

गोठण्यापासून उकळण्यापर्यंत सेल्सिअसचे १०० अंश, फॅरनहाइटचे १८०. म्हणून सेल्सिअसच्या आकड्याला १.८ ने गुणायचं आणि ३२ मिळवायचे. उणे ४० ला दोन्ही पट्ट्या एकच आकडा दाखवतात.

या दोन्ही शून्यांच्या खालीही तापमान असतंच. विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८४८ मध्ये निरपेक्ष तापमानाची कल्पना मांडली. तिचं शून्य उणे २७३.१५ अंश सेल्सिअसला येतं आणि त्याखाली तापमानच नाही. मला हीच पट्टी सर्वांत प्रामाणिक वाटते. २० अंशांपेक्षा ४० अंशांचा दिवस ‘दुप्पट गरम’ म्हणणं चूक, हे तिच्यावर लगेच दिसतं: २९३ केल्व्हिनचे ३१३ झाले, वाढ जेमतेम सात टक्के. २० मे २०१९ पासून तर केल्व्हिनची व्याख्या पाण्यावरही अवलंबून नाही. तापमान आणि ऊर्जा यांना जोडणाऱ्या बोल्ट्झमनच्या स्थिरांकाची ठरवून दिलेली किंमत तिचा आधार आहे.

बातम्या वाचताना एक मात्र सांभाळा. पृथ्वीची तापमानवाढ दीड अंश सेल्सिअसवर रोखण्याचा प्रयत्न करायचा, असं पॅरिस करारात म्हटलं आहे. फॅरनहाइटमध्ये ही वाढ २.७ अंश होते, ३४.७ नव्हे. तापमान किती वाढलं किंवा उतरलं हे सांगायचं असेल तेव्हा नुसतं १.८ ने गुणा. ३२ मिळवू नका.