चाळीचा टॉवर झाला, मेंटेनन्स कोण भरणार?
वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांची खोली, संडास सामायिक. आता तिथंच ५०० चौरस फुटांचं घर, तेही फुकट. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. मग घोळ कसला? मेंटेनन्सचा. १९२०च्या दशकातल्या चाळीला नुसता जिना होता. ४० मजली टॉवरला लिफ्ट, पाण्याचे पंप, अग्निशमन यंत्रणा लागते. त्यांची वीज, दुरुस्ती, माणसांचे पगार चुकत नाहीत. तरुणांना टॉवर हवाच, आणि त्यात चूक काय? पण पेन्शनवरच्यांना हा खर्च झेपला नाही, तर घर भाड्यानं देऊन विरार-बदलापूर गाठायची पाळी येते. गिरगाव-लालबागेत आपल्याकडच्या अनेकांच्या नातलगांच्या जुन्या खोल्या आहेत. पुनर्विकासाच्या करारावर सही करण्याआधी चौरस फुटांबरोबर देखभाल निधी किती, किती वर्षं पुरणार, हेही विचारायला सांगा.