खाऱ्या पाण्याची टाकी: पहिला मासा सोडण्याआधीचे ४० दिवस

लहानपणी सुट्टीत मुंबईला मामाकडे गेलो की मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात एक चक्कर ठरलेली असायची. तिथल्या रंगीत समुद्री माशांनी डोक्यात जे घर केलं, ते पुण्यात नोकरी लागून स्वतःचा फ्लॅट भाड्याने घेईपर्यंत गेलं नाही. पहिला बोनस आला आणि मी १०० लिटरची काचेची टाकी उचलली. सोबत मरीन सॉल्ट, फिल्टर, पंप, दगड. दुकानदार म्हणाला, "ही बॅक्टेरियाची बाटली ओता, उद्या संध्याकाळी मासे घेऊन जा." मी तसंच केलं. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउनफिश आणले, ज्यांना दुकानात सगळे 'निमो' म्हणतात.

चौथ्या दिवशी एक गेला, सहाव्या दिवशी दुसरा. पाणी अगदी काचेसारखं स्वच्छ होतं. मला तेच कळेना, की एवढ्या स्वच्छ पाण्यात मासे मरतातच कसे?

आई फोनवर म्हणाली, "अरे, दुधात विरजण घातलं की लगेच दही होतं का? रात्रभर थांबावं लागतं ना?" तिला मत्स्यालयातलं काही माहीत नाही, पण नेमकं तेच झालं होतं.

पाण्यात न दिसणारं काय होतं?

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. समुद्रात हे सगळं अफाट पाण्यात विरून जातं. आपल्या टाकीत जायला जागाच नाही. अमोनियाला रंग नाही आणि इतक्या कमी प्रमाणात त्याचा वासही येत नाही, पण तो माशाचे कल्ले जाळतो.

खाऱ्या पाण्यात हे प्रकरण जास्त वाईट आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक बराच निरुपद्रवी आणि एक विषारी. पीएच जितका जास्त, तितकं विषारी रूप जास्त. पीएच एका अंकाने वाढला की विषारी वाटा साधारण दहापट होतो. गोड्या पाण्याच्या टाकीचा पीएच बऱ्याचदा ७ च्या आसपास असतो, तर समुद्राच्या पाण्याचा ८.१ ते ८.३. म्हणजे गोल्डफिशच्या टाकीत खपून गेलेली चूक इथे खपत नाही.

यावरचा उपाय निसर्गाकडे आधीपासून आहे. काही बॅक्टेरिया अमोनिया खाऊन त्याचा नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे बॅक्टेरिया नायट्राइटचा नायट्रेट करतात. नायट्रेट बऱ्यापैकी सहन होतो आणि पाणी बदलून काढून टाकता येतो. अडचण एकच: हे बॅक्टेरिया फार हळू वाढतात. दूध नासवणारे किंवा पोट बिघडवणारे जंतू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात, यांना दुप्पट व्हायला कित्येक तास, कधी अख्खा दिवस लागतो. ते पाण्यात तरंगत नाहीत, दगडावर, वाळूवर, फिल्टरच्या स्पंजवर चिकटून राहतात. ती वस्ती वसेपर्यंत टाकी म्हणजे सर्व्हर चालू न करता लाँच केलेलं अॅप. स्क्रीन सुंदर दिसते, मागे कोणीच नाही.

ही वस्ती वसवण्याला सायकलिंग म्हणतात. जुन्या पद्धतीत त्यासाठी एखादा चिवट मासा बळी म्हणून सोडायचे. त्याची काहीही गरज नाही. अमोनिया आपणच घालायचा, मासा नंतर आणायचा.

पाणी आणि मीठ

दुसऱ्या वेळी मी पाण्यापासून सुरुवात केली. घरच्या आरओचं पाणी चालेल असं वाटत होतं. साध्या टीडीएस मीटरने मोजलं तर आकडा ९० च्या वर. कारण पिण्याच्या पाण्याच्या अनेक आरओ मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी किंवा खनिजं परत मिसळतात. आपल्याला पाहिजे शून्याच्या जवळ. म्हणून आरओनंतर डीआय रेझिनचा वेगळा फिल्टर लावला. यात बरंच पाणी वाया जातं. ते बादलीत धरून मी लादी पुसायला आणि फ्लशला वापरतो.

मीठ म्हणजे मरीन सॉल्टच. स्वयंपाकघरातलं मीठ अजिबात नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम असं बरंच काही असतं. "अलिबागहून कॅन भरून आणतो की" असं एक मित्र म्हणाला. किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ, डिझेल, सांडपाणी काय असेल सांगता येत नाही, आणि पावसाळ्यात नद्यांमुळे त्याचा खारटपणाही खाली येतो. आणू नका.

खारटपणा हवा लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास. मोजमापाच्या भाषेत सापेक्ष घनता १.०२५ ते १.०२६. दगड-वाळूची जागा सोडून माझ्या टाकीत ८० लिटर पाणी बसतं, त्याला साधारण ३ किलो सॉल्ट लागलं. ते टाकीत नाही, वेगळ्या ड्रममध्ये पंप लावून एक दिवस फिरवलं. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, आणि तो फक्त शुद्ध पाण्यावर शून्य न करता ३५ च्या तयार द्रावणावर तपासून घ्या. माझा नवा कोरा रिफ्रॅक्टोमीटर दोन अंक चुकीचं दाखवत होता.

आणखी एक गोष्ट, जी चुकते आणि कळत नाही: पाणी उडून जातं, मीठ उडून जात नाही. म्हणून रोजची पातळी भरायची ती साध्या शुद्ध पाण्याने. खारं पाणी घालत राहिलात तर टाकी हळूहळू लोणच्याची बरणी होते.

दगडांबद्दल स्पष्ट सांगतो. परदेशी व्हिडिओंमध्ये समुद्रातून काढलेला 'लाइव्ह रॉक' सर्रास दिसतो. आपल्याकडे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, वाघाच्याच यादीत. कोणी "गुपचूप देतो" म्हणालं तर तिथून निघा. सच्छिद्र सिरॅमिकचे कृत्रिम दगड मिळतात, बॅक्टेरियांना ते पुरतात.

नवसागर आणि वाट पाहणं

अमोनिया घालायला अमोनियम क्लोराइड वापरलं. नाव नवीन वाटेल, पण हाच आपला नवसागर, कल्हईवाले भांडी तापवून घासायचे तो. बाजारातला नवसागर मात्र भेसळीचा असू शकतो, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचा घेतला. गणित सोपं आहे: लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया पाहिजे, ८० लिटरला १६० मिलिग्रॅम, आणि तेवढ्यासाठी साधारण अर्धा ग्रॅम अमोनियम क्लोराइड. दागिन्यांचा छोटा वजनकाटा पुरतो. लिटरला २ मिलिग्रॅम म्हणजेच टेस्ट किटवरचे २ पीपीएम. जास्त घातलं तर लवकर होईल असं नाही. फार जास्त अमोनियाने उलट हेच बॅक्टेरिया अडतात.

आणि बाटली? बाटलीतले बॅक्टेरिया खोटे नसतात. ते विरजण आहे. पण मे महिन्यात कुरियरच्या गाडीत तापलेली बाटली आतून जिवंत आहे का, हे लेबल सांगणार नाही, टेस्ट किटच सांगेल.

तिसऱ्या दिवशी अमोनिया घातला. पुढचे बारा दिवस काहीही झालं नाही. रोज संध्याकाळी तोच हिरवा रंग. खरं सांगतो, हा काळ सगळ्यात अवघड असतो, कारण घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "मासे कुठायत?" मी लाइटसुद्धा बंद ठेवला होता, कारण बॅक्टेरियांना त्याची गरज नाही आणि उजेडाने फक्त शेवाळ वाढतं. सोसायटीतल्या एका काकांनी "एवढे पैसे घालून दगड पाळलेत का?" असं विचारलं.

पंधराव्या दिवशी अमोनिया उतरला आणि नायट्राइटची टेस्ट जांभळी झाली. तो जांभळा रंग बघून मला प्रॉडक्शन रिलीज यशस्वी झाल्यासारखा आनंद झाला होता. यानंतर अमोनिया संपला की पुन्हा थोडा घालायचा, म्हणजे वस्ती उपाशी राहत नाही. या टप्प्यात नायट्रेटच्या टेस्टवर विश्वास ठेवू नका. पाण्यात नायट्राइट असला की ती फुगवून आकडा दाखवते.

फोन इथे कुठे येतो?

टेस्टचा फोटो काढून ग्रुपवर "हा किती आहे?" विचारणं ही आपली सवय. पण फोनचा कॅमेरा व्हाइट बॅलन्स आपोआप बदलतो. पिवळ्या बल्बखाली शून्याचा पिवळा आणि ०.२५ चा किंचित हिरवा यातला फरकच तो पुसून टाकतो. स्ट्रिप स्कॅन करणाऱ्या अॅपसोबत रंगांचं कार्ड येतं ते याचसाठी: कार्ड आणि स्ट्रिप एकाच फोटोत असले तर दोन्हींचे रंग सारखेच बिघडतात आणि तुलना टिकते. मी नळी पांढऱ्या कागदासमोर धरतो, दिवसा, खिडकीजवळ, आणि आधी डोळ्यांनी बघतो. फोटो फक्त नोंदीसाठी.

स्मार्ट प्लगने मला खरा धडा दिला. पंप आणि हीटर दोन्ही स्मार्ट प्लगवर होते. एकोणिसाव्या दिवशी पावसात दुपारी लाइट गेली, वीस मिनिटांत आली, पण प्लग बंदच राहिले. मी ऑफिसात होतो, संध्याकाळी सातला कळलं. पाच-सहा तास पाणी स्थिर. बॅक्टेरियांनाही ऑक्सिजन लागतो, पण ते तगले. मासे असते तर? अॅपच्या सेटिंगमध्ये 'पॉवर-ऑन स्टेट' नावाचा पर्याय असतो, तो बंदवर होता. आता पंप थेट साध्या सॉकेटवर आहे, एक बॅटरीवरचा एअर पंपही ठेवलाय. तुमच्याकडे स्मार्ट प्लग असेल तर मेन स्विच बंद-चालू करून एकदा बघाच. आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी लावा, म्हणजे वायरवरून ओघळणारं खारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकतं.

ऑनलाइन मिळणाऱ्या 'वॉटरप्रूफ' तापमान सेन्सरबद्दलही एक वाक्य: माझ्या सेन्सरची स्टीलची टोपी महिन्याभरात गंजली. पाण्यात गंज नको असेल तर काचेचा थर्मामीटर बरा. पाणी २५-२६ अंशांवर हवं. पुण्यात डिसेंबरला हीटर लागतो, एप्रिलला पाण्यावर वारा मारणारा छोटा पंखा. त्याने दोन-तीन अंश सहज उतरतात, फक्त पाणी जास्त उडतं.

टाकी तयार आहे हे कसं ठरवायचं?

दिवस मोजून नाही. २ पीपीएम अमोनिया घाला आणि २४ तासांनी मोजा. अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य, तर पास. माझी टाकी तेहतिसाव्या दिवशी नापास झाली (नायट्राइट शिल्लक), छत्तिसाव्या आणि सदतिसाव्या दिवशी पास. खाऱ्या पाण्यात क्लोराइडमुळे नायट्राइट माशांना गोड्या पाण्याइतका बाधत नाही, हे खरं आहे. तरी मी थांबलो, कारण तो शिल्लक राहणं म्हणजे दुसरी वस्ती अजून अपुरी असणं. अडतिसाव्या दिवशी साठलेला नायट्रेट कमी करायला अर्धं पाणी बदललं. दगडांवर तपकिरी थर आला होता, तो नव्या टाकीत येतोच, आपोआप जातो.

चाळिसाव्या दिवशी एकच क्लाउनफिश आणला, समुद्रातून पकडलेला नाही, हॅचरीत वाढवलेला. या वेळी दुसऱ्या दुकानातून. पिशवीतल्या पाण्याची घनता १.०२१ निघाली, माझी १.०२५. म्हणून पिशवी अर्धा तास तरंगत ठेवली आणि मग अर्ध्या-पाऊण तासात थोडं थोडं टाकीतलं पाणी मिसळलं. दुकान जवळ होतं म्हणून हे चाललं. लांबून कुरियरने आलेल्या पिशवीत अमोनिया साठलेला असतो. पिशवी उघडली की आतला कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच वाढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तिथे इतका वेळ घालवायचा नसतो. कुरियरने मागवायचा असेल तर विक्रेत्याकडून घनता आधीच विचारा आणि त्याच घनतेचं पाणी वेगळ्या डब्यात तयार ठेवा.

पहिल्या रात्री तो पंपामागे लपून बसला. काही खायला दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी अमोनियाची टेस्ट केली, पिवळी आली, मग चिमूटभर खाणं टाकलं. तो वर आला. पुढचे दोन आठवडे रोज टेस्ट, आणि दुसरा मासा त्यानंतर.