‘बेचाळीसची मिलिटरी जीप’ घेताय? साल ऐकू नका, चेसिस आणि कागद बघा

वरातीला, बैलगाडा शर्यतीला, निवडणुकीच्या फेरीला जुनी उघडी जीप दिसली की माणसं अजूनही थांबून बघतात. त्यामुळे अशा गाड्यांना पुन्हा भाव आलाय. मोबाइलवर जाहिराती फिरतात, "विलीस जीप, १९४२ मॉडेल, महायुद्धातली". विकणारा छातीठोकपणे सांगतो आणि घेणारा हरखून जातो. पण महायुद्धातली म्हणून दाखवली जाणारी जीप पुष्कळदा युद्ध संपल्यावर कितीतरी वर्षांनी आपल्याच देशात बनलेली असते. उलटंही घडतं. गोठ्यामागे कडब्याखाली गंजत पडलेली खरी जुनी गाडी भंगाराच्या भावात जाते आणि मालकाला पत्ताही लागत नाही. सालात दहा-वीस वर्षांचा फरक पडला तर पैशातही मोठा फरक पडतो.

गोंधळ कुठून सुरू झाला ते आधी बघू. अमेरिकेच्या टोलेडो शहरातल्या विलीस-ओव्हरलँड कंपनीने १९४१ ते १९४५ या काळात सैन्यासाठी जी जीप बनवली ती ‘एमबी’. गाड्या कमी पडायला लागल्यावर तोच नकाशा फोर्ड कंपनीला देण्यात आला. तिच्या जीपला ‘जीपीडब्ल्यू’ म्हणतात. युद्ध संपलं आणि विलीसने शेतकऱ्यासाठी, साध्या माणसासाठी ‘सीजे’ नावाची जीप काढली. १९४७ पासून महिंद्राने मुंबईत विलीसच्या जीप जोडायला सुरुवात केली, आणि पुढे सीजे-३बी हे मॉडेल आपल्याकडे वर्षानुवर्षं बनत राहिलं. खेड्यापाड्यात ज्या जुन्या जीप दिसतात त्यात जास्त करून हीच. म्हणजे ‘विलीस’ हे नाव खोटं नसतं, साल खोटं असतं.

आता गाडीजवळ जाऊ. पहिलं काम समोरच्या जाळीतल्या उभ्या फटी मोजायचं. युद्धातल्या जीपला ९ फटी असतात, सीजेला ७. अगदी सुरुवातीच्या एमबीला तर पत्र्याची जाळी नव्हतीच, लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून बसवल्या होत्या. तशी जाळी दिसली तर गाडी फार जुनी असू शकते. ‘असू शकते’ एवढंच, कारण जाळी नवीन मिळते आणि कुठलाही वेल्डर ती तासाभरात बसवतो.

म्हणून पुढे बघायचं. युद्धातल्या जीपचे दिवे लहान आणि जाळीच्या आत दबलेले असतात, शिवाय ते उलटे फिरवून इंजिनावर उजेड पाडता येतो. रात्री मैदानात दुरुस्ती करायची तर बॅटरी कोण धरणार, म्हणून ही सोय. सीजेचे दिवे मोठे आणि बाहेर आलेले. मिलिटरीच्या जीपला मागे फाळका नसतो, बॉडीचा मागचा पत्रा एकसंध असतो. सीजेचा फाळका खाली पडतो, शेतातला माल चढवायला तो हवाच. पेट्रोलचं झाकण कुठं आहे तेही बघा. मिलिटरी जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, तेल भरायला सीट उचलावी लागते. सीजेला झाकण बाहेर, बॉडीच्या बाजूला. समोरची काच एकच सलग असेल तर तीही नंतरची खूण आहे, कारण एमबीला दोन काचा असतात.

सगळ्यात मोठी फसगत बॉनेटची. सीजे-३बीमध्ये उंच इंजिन आलं, त्यामुळे तिचं बॉनेटही उंच झालं. लांबून बघितलं तर नाकाचा भाग फुगल्यासारखा दिसतो. ही गाडी अमेरिकेत १९५३ साली आली, त्याआधीची ती असूच शकत नाही. आता हेच बॉनेट कापून, बुटकं करून, ९ फटींची जाळी लावून, वर हिरवा रंग आणि पांढरा तारा मारला की झाली ‘बेचाळीसची’. हरियाणातल्या सिरसा जिल्ह्यातलं मंडी डबवाली अशा जीप बांधण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. बांधलेली गाडी वाईट असते असं नाही, उलट चालवायला बरी पडते. बांधलेली आहे असं सांगून विकली तर तक्रार कुणाचीच नसावी.

टेप असेल तर पुढच्या चाकाच्या मधापासून मागच्या चाकाच्या मधापर्यंत अंतर मोजा. एमबीचं हे अंतर ८० इंच, म्हणजे ६ फूट ८ इंच. ९०-९१ इंच भरलं तर पुढचं ऐकूच नका. मात्र सीजे-३बीसुद्धा ८० इंचाचीच आहे, म्हणून ८० भरलं की लगेच पैसे काढायचे नाहीत. इंजिन डिझेल असेल तर ते नंतर बसवलेलं, कारण एमबी पेट्रोलवरच चालायची. स्टेअरिंग डावीकडे आहे म्हणून गाडी परदेशी, हाही पुरावा धरू नये.

जाळी, दिवे, बॉनेट, इंजिन सगळं बदलता येतं. बदलायला अवघड ती चेसिस. एमबीचा नंबर पुढच्या बंपरमागे, चेसिसच्या डाव्या पट्टीच्या आतल्या बाजूला छोट्या पाटीवर असतो. फोर्डचा नंबर डाव्या पट्टीच्या वरच ठोकलेला असतो, चिखल आणि रंग खरडल्याशिवाय दिसत नाही. रेडिएटरखाली दोन पट्ट्यांना जोडणारा आडवा दांडा बघा: विलीस एमबीचा गोल पाइप, फोर्डचा उलट्या नाल्यासारखा. फोर्डने आपल्या बोल्टवरही ‘एफ’ अक्षर पाडलं होतं. डॅशबोर्डवरच्या चकचकीत पितळी पाट्यांवर भुलू नका, त्या नव्या बनवून मिळतात. चेसिसवर नंबराच्या जागी ग्राइंडर फिरल्याची खूण दिसली तर किंमत कितीही कमी असो, तिथून निघावं. तो मामला सालाचा राहत नाही, पोलिसांचा होतो.

कागदाचं गणित वेगळंच आहे. आरसी बुकात गाडी बनल्याचं साल आणि नोंदणीची तारीख या दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. सैन्याच्या लिलावातून आलेल्या गाडीत त्या दोहोंत बरीच वर्षं असू शकतात. सैन्याच्या नंबरप्लेटवर वर तोंड केलेला बाण असतो आणि त्याच्या पुढचे दोन आकडे म्हणजे सैन्याने गाडी घेतली ते साल. जुना फोटो किंवा लिलावाची पावती असेल तर ती जपून ठेवावी. एमएच नंबर नवा मोटार वाहन कायदा १९८९ साली लागू झाल्यावर आले. त्याआधी महाराष्ट्रात ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरं असायची, आणि मुंबई राज्य होतं तेव्हा ‘बी’ने सुरू होणारी. त्यामुळे १९४२ ची म्हणवणारी गाडी एमएच नंबरवर असेल तर आधीची नोंदणी कुठली, हे विचारायलाच पाहिजे. उत्तर असू शकतं, परराज्यातून आली, लिलावातून आली. पण उत्तरासोबत कागदही हवा. आरसीवरचा चेसिस नंबर कागद ठेवून पेन्सिलीने घासून घ्या आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा.

हे साल आता सरकारदरबारीही महत्त्वाचं झालंय. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात असलेली दुचाकी-चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, पुढे परत नोंदणी करायला ५,००० रुपये. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. म्हणजे गाडी १९६२ ची असली, पण पहिली नोंदणी १९८५ ची सापडली तर अर्ज अडू शकतो. बॉनेट कापलेली, डिझेल इंजिन टाकलेली जीपही ‘मूळ रूपात’ म्हणून पास होणं कठीण.

आणखी एक. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, तेल भरणं एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. ज्याला जीपमध्ये टोमॅटोचे कॅरेट भरून बाजार गाठायचाय, त्याने त्या वाटेला जाऊ नये.