बंद घर, मोकळी हवा (लेखांक ९) : उष्णता राखणारे वायुवीजन, त्याची उभारणी आणि निगा

मागील लेखांकात घराच्या हवाबंदपणाचा विचार झाला. युरोप आणि कॅनडाच्या थंड प्रदेशांत नव्या घराच्या भिंती, छप्पर आणि खिडक्यांच्या चौकटी यांतील फटी बुजवण्यावर एवढा भर का दिला जातो, आणि दारात पंखा बसवून आत-बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक निर्माण केल्यावर घरात शिल्लक राहिलेल्या फटी कशा मोजल्या जातात, हे तेथे पाहिले. मात्र फटी बुजल्या की त्यांतून आपोआप होणारी हवेची ये-जाही थांबते. श्वासातून, आंघोळीतून, स्वयंपाकातून आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांतून चार माणसांच्या घरात रोज कित्येक लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळत असते, आणि त्याला बाहेर जायला वाट मिळाली नाही, तर ते भिंतींच्या थंड कोपऱ्यांत ओल धरते व तेथे बुरशी येते. हिवाळ्यात दिवसभर खिडकी उघडी ठेवावी, तर पैसे मोजून तापवलेली हवा वाया जाते. ही कोंडी सोडवण्यासाठी जी यंत्रणा वापरली जाते, तिला उष्णता-पुनर्प्राप्ती वायुवीजन म्हणतात.

वाया जाणारी उष्णता किती, याचा हिशेब अवघड नाही. माणशी तासाला ३० घनमीटर ताजी हवा धरली, तर चौघांच्या घराला तासाला १२० घनमीटर हवा लागते. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला सुमारे ०.३३ वॉट-तास ऊर्जा खर्ची पडते. बाहेर शून्य अंश आणि आत २० अंश तापमान असेल, तर केवळ येणारी हवा तापवण्यासाठी अखंड ८०० वॉटच्या आसपास उष्णता पुरवावी लागते, म्हणजे दिवसाला जवळजवळ १९ युनिट. यातील ८० टक्के उष्णता परत मिळाली, तर ही तूट चार युनिटांच्या आत येते. यंत्रातील पंख्यांना त्यासाठी वीज लागते हे खरे, पण जर्मनीतील ‘पॅसिव्ह हाउस’ या कमी ऊर्जेच्या घरांच्या मानकाने घातलेली ०.४५ वॉट-तास प्रति घनमीटर ही मर्यादा पाळली, तर तो खर्च दिवसाला सव्वा युनिटाच्या जवळपास राहतो.

यंत्राच्या गाभ्यात उष्णता-विनिमायक असतो. पातळ प्लास्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची ही चळत असून तिच्या एकाआड एक पोकळ्यांतून घरातील वापरलेली उबदार हवा बाहेर जाते आणि उरलेल्या पोकळ्यांतून बाहेरची थंड हवा आत येते. दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळत नाहीत. पत्र्यातून केवळ उष्णता पलीकडे जाते. प्रवाह परस्परांच्या उलट दिशेने वाहतात, हा या रचनेतील कळीचा मुद्दा होय. दोन्ही एकाच दिशेने वाहिले असते, तर त्यांचे तापमान अधल्यामधल्या आकड्यावर येऊन थांबले असते. उलट दिशेने वाहताना मात्र पत्र्याच्या संपूर्ण लांबीवर दोन्ही बाजूंत थोडा फरक टिकून राहतो, आणि त्यामुळे आत येणारी हवा विनिमायकातून बाहेर पडता पडता खोलीच्या तापमानाच्या अगदी जवळ पोहोचते.

ही कल्पना घरबांधणीत रुजवण्याचे बरेचसे श्रेय कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांताकडे जाते. तेथील रेजायना शहरात १९७७ मध्ये ‘सस्कॅचेवान कॉन्झर्व्हेशन हाउस’ हे प्रायोगिक घर उभे राहिले, तेव्हा घरासाठी असे यंत्र बाजारात सहज मिळत नव्हते; सस्कॅचेवान विद्यापीठातील रॉबर्ट बेझंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लायवुडच्या पट्ट्यांनी अंतर राखून पॉलिथिनचे कागद एकावर एक रचले आणि त्यांतूनच विनिमायक घडवला. पुढे जर्मनीत डार्मस्टाट शहराच्या क्रानिकस्टाइन भागात भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट यांच्या पुढाकाराने बांधलेल्या चार जोडघरांत १९९१ पासून लोक राहू लागले, आणि अशा वायुवीजनाला एका पूर्ण विचाराने आखलेल्या घराचा अविभाज्य भाग म्हणून स्थान मिळाले.

यंत्र निवडताना कॅटलॉगमधील कार्यक्षमतेच्या टक्केवारीची तुलना बारकाईने केली जाते, परंतु घरात प्रत्यक्षात काय घडणार हे त्या आकड्यापेक्षा हवेच्या नळ्यांवर, म्हणजे डक्टवर, अधिक अवलंबून असते. यंत्राला चार नळ्या जोडलेल्या असतात : बाहेरून ताजी हवा आणणारी, ती झोपण्याच्या व बसण्याच्या खोल्यांत नेणारी, स्वयंपाकघर व न्हाणीघरातील हवा ओढून घेणारी आणि ती बाहेर सोडणारी. यांपैकी पहिली व शेवटची या दोन नळ्यांत हिवाळाभर थंड हवा असते. यंत्र घराच्या उबदार भागात बसवलेले असेल, तर या दोन नळ्यांची भिंतीपासून यंत्रापर्यंतची लांबी शक्य तितकी कमी ठेवावी लागते, आणि त्यांवर बाष्प आत शिरू न देणाऱ्या, बंद छिद्रांच्या फोमचे सलग आवरण चढवावे लागते. नळी जेथे ब्रॅकेटवर टेकते तेथे दोन बोटे रुंदीची फट राहिली, तरी खोलीतील बाष्प त्या थंड पृष्ठभागावर थेंब धरते, आवरणाच्या आतून ओघळत जाते आणि कधी कधी नळीपासून दूरच्या छताच्या पट्टीवर पिवळट डाग उमटवते. मग प्लंबर गळक्या पाइपचा शोध घेत राहतो. यंत्र थंड पोटमाळ्यावर असेल, तर उलट घराकडे जाणाऱ्या उबदार नळ्यांना जाड आवरणाची गरज पडते. शक्य असल्यास पोटमाळा टाळणेच बरे, कारण शिडी लावून जिथे चढावे लागते तेथील फिल्टर वेळेवर बदलला जात नाही.

नळ्या सरळ, आतून गुळगुळीत आणि पुरेशा रुंद हव्यात. चुण्यांची लवचिक नळी बसवायला सोपी असते, पण ती सैल सोडली की मध्ये झोळ पडतो, आतला रोध वाढतो आणि तेवढीच हवा ढकलण्यासाठी पंख्याला जोर करावा लागतो. यंत्र आणि खोल्या यांच्यामध्ये आवाज शोषणारे नळकांडे बसवणे हा चैनीचा भाग नाही. झोपण्याच्या खोलीत गुणगुण ऐकू आली, की माणसे यंत्र सर्वांत कमी वेगावर ठेवतात किंवा बंदच करून टाकतात. दारांखाली साधारण एक सेंटिमीटर फट ठेवली, तर ताजी हवा निजायच्या खोलीतून निघून मधल्या वाटेने न्हाणीघराकडे जाऊ शकते. हौसेने उंबऱ्याशी रबरी पट्टी लावली, की ही वाट बंद होते. बाहेरची हवा घेण्याचे तोंड कचऱ्याच्या पेट्यांपासून, वाहनतळापासून आणि यंत्राच्याच उच्छ्वासापासून दूर, तसेच साचणाऱ्या बर्फाच्या वर हवे.

चुलीवरची चिमणी या यंत्रणेला जोडू नये. तेलकट वाफ नळ्यांत जाऊन बसते, आणि ती तेथून काढणे फार जिकिरीचे असते. कार्बन फिल्टरची स्वतंत्र चिमणी आणि शेगडीपासून थोडे दूर, तेल अडवणारी जाळी लावलेले शोषण-मुख, ही रचना अधिक योग्य ठरते. जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण रोजची फोडणी आणि तळण यांच्यामुळे ही जाळी तेथील सर्वसाधारण स्वयंपाकघरापेक्षा लवकर चिकट होते.

विनिमायकात पाणी सुटते, हेही उभारणीच्या वेळी ध्यानात घ्यावे लागते. २० अंश तापमानाच्या आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू ९ अंशांच्या थोडा वर असतो. त्याखाली थंड झाल्यावर तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. हे पाणी उताराच्या नळीने सायफनमार्गे सांडपाण्यात सोडतात. बाहेर कडक थंडी पडल्यास तेच पाणी पत्र्यांमध्ये गोठते. ते टाळण्यासाठी काही यंत्रे आत येणाऱ्या हवेचा पंखा मंद करतात, परंतु त्यामुळे घरात दाब घटतो, फटींतून थंड हवा ओढली जाते, आणि घरात लाकडाची शेगडी असेल तर धूर उलटा आत येण्याचा धोका संभवतो. म्हणून अशा घरात हवा विनिमायकापर्यंत पोहोचण्यापूर्वी तिला किंचित ऊब देणारा छोटा हीटर पसंत करावा.

उभारणीचा शेवटचा टप्पा संतुलनाचा असतो, आणि घाईत वगळला जातो तो नेमका हाच. प्रत्येक मुखावर मापनाचे उपकरण धरून हवा किती वाहते ते पाहिले जाते, तबकडी फिरवून ती ठरलेल्या आकड्यावर आणली जाते आणि मागचा नट आवळला जातो. आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या हवेच्या बेरजा जवळजवळ सारख्या यायला हव्यात. या मोजमापांचा तक्ता घरमालकाच्या हाती पडल्याशिवाय यंत्रणा पुरी झाली असे मानू नये, मग ती कितीही महाग असो. बांधकामाची धूळ उडत असताना यंत्र चालवणे आणि नळ्यांची तोंडे उघडी ठेवणे, या दोन चुकांचे परिणाम तर पुढे अनेक वर्षे भोगावे लागतात.

निगा राखण्याचे काम थोडे असते, पण ते चुकवून चालत नाही. बाहेरून येणाऱ्या हवेसाठी सूक्ष्म कण अडवणारा फिल्टर असतो, तर घरातून निघणाऱ्या हवेसाठी विनिमायकाचे रक्षण करण्यापुरता जाडसर फिल्टर पुरतो. सहा महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या काळात दोन्ही बदलावेत. रस्त्यालगत किंवा परागकणांच्या मोसमात त्याहून लवकर. सूक्ष्म फिल्टर धुऊन पुन्हा बसवण्याची काटकसर करू नये, कारण पाण्याने त्याचे तंतू बिघडतात आणि ओलसर फिल्टरवर बुरशी वाढते. एका बाजूचा फिल्टर तुंबला, की साध्या पंख्याच्या यंत्रात त्या बाजूची हवा घटते व मेहनतीने साधलेले संतुलन ढळते. प्रवाह कायम राखणाऱ्या यंत्रात पंखा जोरात फिरू लागतो, आणि वीज व आवाज दोन्ही वाढतात. विनिमायक वर्षा-दोन वर्षांनी बाहेर काढून, निर्मात्याने सांगितलेल्या रीतीने, बहुधा कोमट पाण्याने धुवावा. मुखांच्या तबकड्या पुसताना त्या एकेक करून काढाव्यात आणि नट हलवू नये. उन्हाळ्यात पाणी सुटत नसल्याने सायफन कोरडा पडतो आणि त्यातून गटाराचा वास घरात शिरतो. शरद ऋतूच्या सुरुवातीला त्यात पेलाभर पाणी ओतले, की काम होते.

ही काळजी न घेतल्यास काय होते, याचे मोठे उदाहरण नेदरलँड्समधील आमर्सफोर्ट शहराच्या फाटहोर्स्ट या नव्या वसाहतीत दिसले. तेथील रहिवाशांनी २००० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात डोकेदुखी, थकवा आणि श्वसनाच्या तक्रारी केल्या, आणि तपासात अपुरी हवा, मोठा आवाज व अस्वच्छता असे दोष आढळले. त्यानंतर त्या देशात या पद्धतीविषयीच अविश्वास पसरला. हा अविश्वास समजण्याजोगा असला, तरी दोष तत्त्वाचा नव्हता. तो आखणीचा, उभारणीचा आणि देखभालीचा होता, आणि रहिवाशांना त्याची झळ सोसावी लागली ही गोष्ट अधिक गंभीर आहे.

मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या दमट हवेत प्रश्नाचे रूप पालटते. वातानुकूलित कार्यालयात येणाऱ्या बाहेरच्या हवेत उष्णतेबरोबर बाष्पाचाही मोठा भार असतो, आणि केवळ उष्णता पार करणारा पत्रा तो भार बाहेर अडवू शकत नाही. त्यासाठी बाष्पही पलीकडे नेणारे पापुद्रे किंवा फिरती चाके वापरतात. त्यांची रचना, आणि धुळीच्या शहरांत त्यांचे फिल्टर किती लवकर तुंबतात, हा पुढील लेखांकाचा विषय आहे.