डहाणूचा अनाम नावाडी

मासवणजवळून वाहणारी सूर्या नदी पुढे वैतरणेला मिळते आणि वैतरणा समुद्राला. त्या मुखाच्या दक्षिणेला सोपारा, उत्तरेला डहाणू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन साम्राज्यातल्या बंदरांतून निघालेली जहाजे या पश्चिम किनाऱ्याला लागत. ‘पेरिप्लस’ हे सागरी मार्गांचे वर्णन लिहिणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्याने सोपारा आणि कल्याणची नावे नोंदवली आहेत. जहाजांतून कोणता माल आला याबद्दल पुष्कळ लिहिले गेले. माल उचलणारा, नदी ओलांडणारा साधा माणूस शोधायचा तर निराळ्या ठिकाणी पाहावे लागते.

रोममध्ये तो प्लॉटसच्या प्रहसनांत भेटतो. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या-दुसऱ्या शतकातला हा नाटककार गुलामालाच सूत्रधार करतो. ‘स्यूडोलस’मधला गुलाम धाकट्या मालकाचे प्रेम तडीस नेण्यासाठी भल्याभल्यांना गंडवतो. प्रेक्षक त्याच्या बाजूने हसत. पण याच नाटकांत चाबकाचे आणि बेड्यांचे उल्लेखही सारखे येतात. माझ्या मते रोमन समाजाचे खरे दर्शन त्या धमक्यांतच घडते.

आपल्याकडे साधा माणूस दाखवण्याचे काम सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’ने केले. महाराष्ट्री प्राकृतातल्या या संग्रहात नांगरहाके, वाटसरू, पाटलाच्या लेकीसुना भेटतात. एका गाथेत पाणपोईवरची तरुणी वाटसरूला पाणी घालते आहे. तो मुद्दाम बोटे फाकवून पाणी गळू देतो, म्हणजे तिच्याकडे अधिक वेळ बघता येईल. तीही धार बारीक करत नेते. दोघांची लबाडी एकच, आणि ती कवीने किती मायेने टिपली आहे!

तशा पाणपोया आपल्याच भागात होत्या, याचा पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त याने दहाव्या लेण्याच्या ओसरीत आपली दाने कोरून ठेवली. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि डाहणुका या नद्यांवर त्याने होड्यांची फुकट सोय केली; दोन्ही काठांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया उभारल्या. ही डाहणुका म्हणजे आपली डहाणूची खाडी. त्या लेखात होड्या आहेत, काठ आहेत, दात्याचे नाव आणि सासऱ्याचेही आहे. भरती-ओहोटी सांभाळत, चिखलात उतरून माणसे पार करणारा नावाडी मात्र त्यात नाही.

विणकर थोडे सुदैवी. त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखानुसार ऋषभदत्ताने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २००० कार्षापण नाणी कायमची ठेव म्हणून ठेवले, दरमहा शेकडा १ व्याजाने. त्यातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या २० भिक्षूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण मिळायचे. वर्षाचे व्याज २४०, वाटप २४०, हिशेब चोख. राजाच्या जावयाने पैसे ठेवायला विणकरांवर भरवसा टाकला, ही बाब मला दानाहून मोठी वाटते. पिढ्यान् पिढ्या व्याज देत राहण्याची ऐपत आणि पत त्यांच्यापाशी होती.

काही कारागिरांनी तर आपली ओळख स्वतःच कोरून घेतली. रोममध्ये यूरिसेसीस नावाच्या पाव भाजणाऱ्याची भव्य समाधी आजही उभी आहे. दळणे, मळणे, भट्टीत घालणे, सारे तिच्यावर शिल्पांत दाखवले आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या नंद लोहाराने वाट करून दिली, तिथल्याच स्वामिदत्त सोनाराने पाण्याची पोढी, म्हणजे टाके. रायगडच्या कुडा लेण्यांत एका माळ्याचे दान आहे. यांपैकी कोणीही आपला धंदा लपवला नाही. नावाला तो अभिमानाने जोडला. अर्थात दान देण्याइतका पैसा त्यांच्या गाठीला होता, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले. डहाणूच्या नावाड्यासाठी अजून नाशिकच्या त्या एका ओळीकडेच जावे लागते, आणि तिथे फक्त त्याच्या नदीचे नाव आहे.